सतरा नंबरचं हँडल

आमचे आतोबा आयुष्यात एकच खोटं बोलले, पण ते त्यांनी अठ्ठावीस वर्षं दर रविवारी सकाळी न चुकता बोलून दाखवलं. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवायची, दारात बसून बूट चढवायचे आणि आत्याने आतून "कुठे निघालात?" असं विचारलं की म्हणायचं, "तुझ्या दादाचे फोटो काढायला." आत्याचा दादा म्हणजे माझे बाबा, मालगाडीचे ड्रायव्हर. आता आपला नवरा सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात आपल्या भावाचे फोटो काढायला जातो म्हटल्यावर कुठली बायको आडवी येईल? आत्याही आली नाही. उलट पाण्याची बाटली भरून द्यायची.

खरी गोष्ट अशी की आतोबांना माझ्या बाबांमध्ये काडीचा रस नव्हता. बाबा ज्याच्यात बसायचे त्या इंजिनात होता.

आतोबांचं चष्म्याचं दुकान आहे. गेली पाच वर्षं मीही तिथेच असते. डोळे मी तपासते, काचा ते घासून फ्रेममध्ये बसवतात. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. गिऱ्हाईक नवा चष्मा घालून, हिशोब मिटवून, दाराबाहेर पायरी उतरलं तरी आतोबा मागून म्हणणार, "परत या, उजवी दांडी केसभर वर आहे." आणि ती खरंच केसभर वर असते. असल्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाबद्दल मी जे पुढे सांगणार आहे ते ऐकून लोक मला म्हणतात, काहीतरी तिखटमीठ लावतेस. मी मिठाचा खडाही लावलेला नाही.

दुकानापासून यार्ड चालत पाच मिनिटांवर. अकरा रूळ, पलीकडे इंजिनांची शेड, अलीकडे गंजलेलं तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याच्या केबिनला लागून, जुन्या खडीचा एक ढीग. तो ढीग म्हणजे आतोबांचं सिंहासन. यार्डमास्तरांच्या चष्म्याच्या दांड्या दर दोन महिन्यांनी मोडायच्या आणि आतोबा त्या तिथल्या तिथे बसवून द्यायचे, त्यामुळे त्यांना कुंपणाच्या आत यायला कधी कुणी हरकत घेतली नाही. तिथे उभं राहून ते सिमेंटच्या गाड्या, कोळशाच्या गाड्या, रिकाम्या टाक्यांच्या गाड्या टिपत. घरी येऊन प्रत्येक फोटोखाली इंजिनाचा नंबर, तारीख, डब्यांची संख्या आणि ऊन कुठल्या बाजूने होतं ते बारीक अक्षरात लिहीत. असे चौतीस अल्बम झाले होते. ते एका लोखंडी कपाटात असत आणि त्याच कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, उरलेल्या जागेत, आत्याचे कपडे.

या फोटोंचा एक कायदा होता. फोटोत माणूस चालणार नाही.

या कायद्याचाही एक इतिहास आहे. अगदी पहिल्या वर्षी आतोबांना एक फोटो असा साधला होता की ऊन जिथे हवं तिथे, नंबर लख्ख, मागे डब्यांची रांग छान वळलेली. फिल्म धुऊन आली आणि बघतात तो काय, खिडकीत ड्रायव्हर आ वासून जांभई देतोय. पडजीभसुद्धा दिसत होती. "माणूस आला की फोटो माणसाचा होतो," आतोबा मला अनेकदा सांगायचे. "बघणारा आधी तोंडाकडे बघतो. इंजिनाकडे बघायला मग कोण थांबतंय?" यात खोटं काही नाही, हे मला कबूल करावं लागतं.

तेव्हापासून त्यांनी एक खूण ठरवली. गाडी जवळ आली की डावा तळहात उंच करायचा आणि खाली दाबायचा, ओसंडलेल्या ट्रंकेचं झाकण दाबतात तसा. अर्थ, डोकं आत. त्या वळणावर गाडी माणसाच्या चालीने येते आणि दुसऱ्या बाजूला असिस्टंट बघत असतो, त्यामुळे ड्रायव्हर क्षणभर वाकला म्हणून काही बिघडायचं नाही. ड्रायव्हर लोकांनी आधी चेष्टेने आणि मग सवयीने ही खूण पाळायला सुरुवात केली. पुढेपुढे नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला पहिल्याच दिवशी सांगत, लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा, आणि ढिगावरचा चष्मेवाला म्हणजे डोकं आत. सगळ्या यार्डात आतोबांना 'डोकं-आत' हेच नाव पडलं. मास्तर तर समोरच म्हणत, "या, डोकं-आत, चहा घ्या."

आता बाबा. बाबांच्या माथी सतरा नंबर मारलेलं होतं. ते इंजिन इतकं जुनं आणि इतकं हट्टी की दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं की चढावर बसकण मारायचं. बाबा त्याला शिव्या देत, थोपटत न्यायचे. स्वभावाने एक नंबरचे खोडकर. आणि पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. कुणाला काय भेट आणली आहे, कुणाचं लग्न ठरतंय, सगळं बाबांच्या तोंडून आधी फुटायचं. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा पेराशी वाकडा आहे. लहानपणी आत्याने रागाने दार आपटलं तेव्हा तो चौकटीत होता. आत्या तेव्हा सहा वर्षांची. अजूनही वादात हरायची वेळ आली की बाबा तो अंगठा तिच्या नाकासमोर नाचवतात आणि आत्या मुकाट्याने गप्प बसते.

बाबांची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या घरातल्या एकाही चांगल्या फोटोत ते नाहीत. आत्याच्या लग्नात त्यांची गाडी कुठल्याशा लाल सिग्नलला सात तास उभी होती. माझ्या बारशाला ते नव्हते, शाळेच्या बक्षीस समारंभाला नव्हते. आईबाप लवकर गेल्यावर आत्याला ज्याने वाढवलं तो भाऊ तिच्या अल्बममध्ये कुठेच नव्हता. म्हणून तिला ते रविवारचं वाक्य ऐकायला बरं वाटायचं. आपल्याकडे नसला तरी त्या लोखंडी कपाटात दादा गच्च भरलेला आहे, असं ती धरून चालली होती.

महिना संपायला पंधरा दिवस होते तेव्हाची गोष्ट. आत्या शाळेत गणित शिकवते. त्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होती, मी आणि आतोबा चहा पीत होतो. पेन न थांबवता ती म्हणाली, "या एकतीसला दादा रिटायर होतोय. त्यानंतरच्या रविवारी सगळे आपल्याकडे. मला त्याला एक फोटो द्यायचाय. मोठा, भिंतीवर लावण्याएवढा. इंजिनाच्या खिडकीत कोपर टेकून बसलेला असा. तुमच्याकडे ढिगाने असतील."

"ढिगाने," आतोबा म्हणाले.

"मग त्यातला चांगला निवडा. मीच निवडला असता, पण तुम्ही अल्बमांना हात लावू देत नाही."

हेही खरं होतं. लग्नानंतर एकदा तिने अल्बम उघडला होता. पाच-सहा पानं उलटून विचारलं, "यात दादा कुठे?" आतोबा म्हणाले, "आत आहे." म्हटलं तर हेही काही खोटं नव्हतं. मग बोटांचे ठसे पडतात असं कारण सांगून त्यांनी अल्बमच्या कप्प्यांची किल्ली स्वतःकडे ठेवली ती ठेवलीच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आतोबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आठ अल्बम माझ्यासमोर ठेवले. "तुझे बाबा शोध," म्हणाले. "कुठेतरी चुकून राहिले असतील." त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता. चार दिवस आम्ही सुट्टीत तेच करत होतो. सतरा नंबरचे दोनशे अकरा फोटो निघाले. दोनशे अकरा खिडक्या रिकाम्या. इतक्या शिस्तीने वाकणारा माणूस मला नोकरीला मिळाला असता तर मी लगेच ठेवला असता.

"खिडकीच्या खालच्या कडेला हे काय आहे?" मी एकदा विचारलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या खिडकीत आणखी बारीक असं काहीतरी उभं दिसत होतं.

"ब्रेकचं हँडल," आतोबा अल्बममधून मान वर न करता म्हणाले. "सतरा नंबरला ते तिथेच असतं. जुनी बनावट."

मीही मान डोलावली. इंजिनाच्या बाबतीत आतोबांचा शब्द म्हणजे आमच्या घरात शेवटचा.

शेवटचा अल्बम मिटल्यावर ते म्हणाले, "एक होता."

"कुठे?"

"पहिल्या वर्षीचा. तो जांभईचा. ते तुझेच बाबा होते."

"मग तो कुठे आहे?"

"फाडला."

मी अल्बमांची चवड सरळ केली. बोलण्यासारखं खूप होतं, पण समोरच्या माणसाची दया येत होती.

"बाबांना सांगून टाका ना," मी सुचवलं. "उद्या एकदा डोकं बाहेर ठेवा म्हणावं. काम एका मिनिटाचं."

"आणि संध्याकाळी तुझ्या आत्याला कळलेलं असेल. तुझ्या बाबांच्या पोटात काही राहतं का?" आतोबांनी चष्मा काढून पुसला. "तिला एवढंच वाटतंय गं, की मी इतकी वर्षं तिच्यासाठी जात होतो. ते जाईल मग."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मी त्या कटात सामील झाले. बाबांच्या सतरा नंबरवरच्या तीन फेऱ्या उरल्या होत्या.

पहिली बुधवारी. आतोबा एका बँकेतल्या गृहस्थांच्या नाकावर नवा चष्मा चढवून त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगत होते. तेवढ्यात यार्डातून भोंगा आला. सतरा नंबरचा भोंगा घसा बसल्यासारखा वाजतो, दुसऱ्या कुठल्या इंजिनाशी गल्लत होत नाही. "आलोच," म्हणून आतोबा कॅमेरा घेऊन मागच्या दाराने गेले. गृहस्थांना ते कळलंच नाही. त्यांनी रिकाम्या खुर्चीला शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचून दाखवली आणि विचारलं, "बरोबर?" मी म्हटलं, बरोबर.

वीस मिनिटांनी आतोबा परत आले. गुडघ्याला खडीचा भुगा लागलेला.

"काय झालं?"

"हात वर गेला."

"कुणाचा?"

"माझाच."

अठ्ठावीस वर्षांची सवय. डोळ्याला गाडी दिसली की हात आपोआप वर जातो, त्यात डोक्याला विचारायची पद्धतच नाही. बाबांनी खूण बघितली आणि इमानेइतबारे वाकले.

म्हणून रविवारी मी त्यांचा डावा हात रुमालाच्या झोळीत घालून गळ्याशी बांधला. कॅमेरा उजव्या हाताने चालतो, डाव्याचं काय काम? आत्याने विचारलं तर मनगट लचकलं म्हणून सांगायचं ठरलं. हे दुसरं खोटं व्हायला आलं होतं, पण आत्याने विचारलंच नाही. मीही त्या दिवशी सोबत गेले. ऊन सोन्यासारखं होतं. सतरा नंबर वळणावरून डोलत आलं. खिडकीत बाबा स्पष्ट दिसत होते, कोपर टेकून, अगदी आत्याला हवे तसे. आतोबांनी श्वास रोखला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बाबा खाली गेले.

आम्ही उजवीकडे बघितलं. केबिनच्या दारात सांधेवाला उभा होता आणि दोन्ही हातांनी, अगदी मनापासून, ट्रंकेचं झाकण दाबत होता.

"तुमचा हात दुखावलेला दिसला," तो म्हणाला. "म्हटलं, आज मी करतो. एका फोटोसाठी तुमचा खाडा नको."

त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की आतोबांना त्याचे आभार मानावे लागले.

आता उरली शेवटची फेरी, एकतीस तारखेची. त्या दिवशी शुक्रवार होता आणि आत्याने शाळेतून रजा काढली. दादाची शेवटची गाडी तिला डोळ्यांनी बघायची होती. आतोबांनी तिला खडी टोचेल, धूळ उडेल, ऊन लागेल असं बरंच सांगून बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही अठ्ठावीस वर्षं सोसलंत, मी एक दिवस सोसते." आणि ढिगावर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

यार्डभर बातमी होती. यार्डमास्तर केबिनच्या पायरीवर येऊन थांबले होते. ब्रेक तपासणारे दोघे हातोड्या टेकवून रुळांमध्ये उभे होते. शेडमधली माणसं कुंपणाशी गोळा झाली होती. भोंगा आला, आणि या वेळी बाबांनी तो जरा लांबवला. आत्याने पदराने डोळे टिपले.

आतोबांनी रात्रभर विचार करून एक युक्ती काढली होती. खूण करायची नाही असं ठरवून उपयोग नाही, हात ऐकत नाही. तेव्हा उलटी खूण करायची. तळहात आभाळाकडे करून वर उचलायचा. डोकं बाहेर. वर म्हणजे वर, यात न कळण्यासारखं काय आहे?

गाडी आली. आतोबांनी तळहात आभाळाकडे केला आणि वर उचलला. एकदा उचलून बाबांना कळलं नसेल म्हणून पुन्हा उचलला. आणि पुन्हा उचलायचा तर मध्ये खाली आणावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. लांबून दिसलं ते एवढंच की डोकं-आत आज एकदा नाही, पुन्हापुन्हा, जिवाच्या आकांताने खूण करतायत. "डोकं बाहेर," ते ओरडलेही. इंजिनाच्या धडधडाटात त्यातलं 'डोकं'सुद्धा कुणापर्यंत पोचलं नसेल.

बाबा वाकले. त्यांच्यामागे असिस्टंट वाकला. रुळांमधले ते दोघे हातोड्यांसकट खाली बसले. पायरीवर यार्डमास्तर गुडघ्यात वाकले. कुंपणापाशी माणसांची रांगच्या रांग खाली गेली, आणि आतोबांच्या उजव्या हाताने सवयीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. चव्वेचाळीस डबे गेल्यावर शेवटी गार्डाचा डबा आला, त्यात गार्डही दिसेना. निरोपाचा असा खास फोटो आहे म्हटल्यावर कुणाला त्यात खोडा घालायचा नव्हता. सगळ्या यार्डात तीनच डोकी जागेवर होती, आतोबांचं, माझं आणि आत्याचं.

गाडी पुढे जाऊन थांबली. आत्या आतोबांकडे वळली.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

आतोबांनी कॅमेरा खाली घेतला आणि सगळं सांगून टाकलं. जांभईपासून झोळीपर्यंत. "तुझ्या दादाचा माझ्याकडे एकही फोटो नाही," ते म्हणाले. "एकही नाही. मी इंजिनांसाठी यायचो."

"किती वर्षं?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"अठ्ठावीस."

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. शाळेत एखाद्या मुलाने उत्तर मागून आणलेलं असलं की ती असंच करते आणि मग म्हणते, कृती दाखव. मला आतोबांचा राग येत होता आणि त्यांची दयाही.

"बघू तो कॅमेरा," ती म्हणाली.

तिने आत्ताचा फोटो मागच्या पडद्यावर आणला आणि बटण दाबून मोठा केला. आणखी मोठा केला. इंजिनाचा नंबर पडद्याबाहेर गेला. आतोबांनी आयुष्यात कधी फोटो मोठा करून नंबराच्या पलीकडे सरकवला नसेल. खिडकी पडदाभर आली.

"हे काय आहे?"

"ब्रेकचं हँडल. सतरा नंबरला ते..."

"हँडलला नख असतं का?"

आतोबांनी कॅमेरा हातात घेतला. स्वतःचा चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली घेतला, परत ढकलला. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. खिडकीच्या कडेवरून एक अंगठा ताठ उभा होता. डाव्या हाताचा. पेराशी वाकडा. तुमच्याआमच्या भाषेत ज्याला ठेंगा म्हणतात तो.

"हा अंगठा मी मोडलाय," आत्या म्हणाली.

तोवर बाबा आपली पत्र्याची पेटी घेऊन रूळ ओलांडत आले. घामाने डबडबलेले, मिशीखाली हसू. "काय भावोजी, नीट आला का?"

"काय?"

"अंगठा. आज शेवटचा म्हणून जरा जास्त वर धरला."

बाबा एकेकाकडे बघत राहिले. "डोकं आत घ्या म्हणालात, घेतलं," ते आतोबांना म्हणाले. "अंगठ्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. आधीचे कसे आले होते?"

"आधीचे?" आतोबा म्हणाले.

"दर वेळीच दाखवायचो की. म्हणजे, तुम्ही..." बाबांचा चेहरा क्षणभर उतरला. आमच्या बाबांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. "कुणी बघितलंच नाही होय? मला वाटायचं, घरी जाऊन बघत असतील आणि चडफडत असतील. आज ना उद्या भांडायला येतील. मी वाट बघत होतो."

ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही म्हणून आम्ही दहा दिवस आधी निकाल दिला होता, त्याने एक खोडी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आत्या दर भेटीत त्यांना म्हणायची, "हे दर रविवारी तुझेच फोटो काढायला येतात बघ," आणि बाबा पाणी पितापिता ठसकायचे. आम्हाला वाटायचं, पाणी गिळताना घाई करतात.

त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. लोखंडी कपाटाची किल्ली आतोबांनी स्वतः आत्याच्या हातात दिली. दुकानातली सगळी भिंगं टेबलावर आणली आणि चौघं चौतीस अल्बम उघडून बसलो. बोटांचे ठसे पडले तर पडू देत, असं ठरलं. सतरा नंबरचा प्रत्येक फोटो, आणि प्रत्येक फोटोत अंगठा. जुन्या फिकट फोटोंतसुद्धा. थंडीतल्या फोटोंत हातमोज्याचा. एकदा पट्टी बांधलेला. आतोबा एकेका फोटोवर भिंग धरून नुसते म्हणत होते, "हँडल. मी हँडल म्हटलं." पाच नंबरच्या चष्म्यातला दोष लांबून ओळखणारा माणूस.

एका फोटोशी मी थांबले. खाली आतोबांच्या अक्षरात तारीख होती. माझा जन्म झाला त्याच्या तिसऱ्या दिवसाची. इंजिन क्रमांक सतरा, डबे अडतीस, ऊन डावीकडून. खिडकीत दोन अंगठे होते. बाबांनी बघितलं आणि मिशी चोळत म्हणाले, "त्या दिवशी एकाने भागलं नसतं." माझ्या प्रत्येक वाढदिवसाला न दिसलेले बाबा मला त्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत सापडले. मी उठून हात धुवायला गेले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

भिंतीवर लावायला आत्याने शेवटच्या दिवसाचाच फोटो निवडला. त्यात उजव्या कोपऱ्यात, केबिनच्या पायरीवर वाकलेल्या यार्डमास्तरांचं टक्कल आलं होतं. आतोबा म्हणाले, "हा नको, यात माणूस आलाय." आत्याने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की त्यांनी तो मुकाट फ्रेम करायला नेला. रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी कागद फाडला, फोटो बघितला, शेजारी आपला अंगठा धरून बघितला आणि मग बराच वेळ आत्याचा हात सोडला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आतोबा सकाळी दारात बसून बूट चढवत होते. मी बाबांचा निरोप सांगायला आले होते. आत्याने आतून विचारलं, "कुठे निघालात?"

आतोबा थांबले. एका पायात बूट, एक हातात. "मालगाड्यांचे फोटो काढायला," ते म्हणाले.

आत्या बाहेर आली आणि तिनेही चपला घातल्या. "तुम्ही इंजिन बघा," ती म्हणाली. "खिडकी मी बघते. तुमच्याच्याने ते होत नाही."

दोघं ढिगावर जाऊन उभे राहिले. सतरा नंबर आलं तेव्हा आतोबांचा डावा हात सवयीने वर निघाला आणि आत्याने तो मनगटात घट्ट धरून ठेवला. केबिनच्या दारात सांधेवाल्याचे हात उठत होते, त्यांनाही तिने एका नजरेत जागेवर बसवलं. खिडकीत बाबांच्या जागी आलेला नवा ड्रायव्हर होता. त्याने नेमकी तेव्हाच जांभई दिली, मोठी, पडजीभ दिसेल अशी. तो फोटो आता पस्तिसाव्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे. खाली नंबर, तारीख, डबे आणि उन्हाची बाजू, आणि त्याखाली आत्याच्या लाल पेनाने, त्यालाच विचारून, त्या ड्रायव्हर पोराचं वय लिहिलेलं आहे; फोटोत माणूस आहे, त्याचीही नोंद हवी, असं ती म्हणते.